दोन बोर्डांपैकी एक

खटपट्या गेला तेव्हा त्याच्या टेबलावर पाच खोकी होती आणि सहावं नव्हतं.

कॅबिनेट होतं, एका बाजूने काच असलेलं, एवढं मोठं की आत शाळेत जाणारं पोर उभं राहील. पॉवर सप्लाय होता. रॅमच्या दोन पट्ट्या, एक डिस्क आणि प्रोसेसर. मदरबोर्ड तेवढा राहिला होता. हे शब्द मला चार महिन्यांपूर्वी येत नव्हते, आता येतात. घरातलं माणूस गेलं की भलभलते शब्द यायला लागतात. वारस, नॉमिनी, मूळ प्रत. त्यात हे पाच-सहा.

खटपट्या म्हणजे माझा मुलगा. नाव दुसरं होतं, पण चौथ्या वर्षी त्याने माझी इस्त्री उघडून आतला भाग जेवणाच्या ताटात मांडून ठेवला, तेव्हापासून त्याचं नाव हेच. मोठा होऊन लिफ्ट दुरुस्त करायला लागला. शहरभर लोकांना वर-खाली नेलं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. कामावरून येताना दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर टेकला आणि उठला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हटलं, बरं. तेव्हापासून मी सगळ्याला 'बरं'च म्हणते आहे. रडले नाही. रडत नाही म्हणून लोकांनी बोलून घेतलं. त्यांनाही बरं म्हटलं.

माझी लॉन्ड्री आहे. तीस वर्षं मी चालवते, नवरा होता तेव्हाही मीच चालवायचे, तो फक्त गल्ल्यावर शोभायचा. आमच्या दुकानातून मळकी वस्तू परत गेलेली नाही. एकदा एका वकिलाच्या कोटावर शाईचा डाग राहिला म्हणून मी स्वतः त्याच्या घरी जाऊन कोट परत आणला होता. तर खटपट्या गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी त्याच्या वस्तू साफ केल्या. शर्ट झाले, जॅकेट झालं, बुटांच्या नाड्या काढून धुतल्या, चष्म्याची काच पुसली, स्क्रू-ड्रायव्हर एकेक करून घासले. टेबलावरची खोकी उघडली. सगळ्यांवरून हात फिरवला. प्रोसेसर म्हणजे बिस्किटाएवढा चौकोन, खालच्या बाजूला बारीक सोनेरी सुयांचं रान. मला त्यात धूळ दिसली. धूळ होती का नव्हती, आता सांगता येणार नाही. मी कॉलर घासायचा ब्रश घेतला आणि एका बाजूने चार हात मारले, कॉलरला मारतो तसे. मग परत डबीत ठेवला.

या सगळ्यातून जोडायचं कॉम्प्युटरचं मशीन माझ्या सुनेसाठी होतं. सून खोकी काढते. औषधांची, साबणांची, बल्बची खोकी असतात ना, ती उलगडून सपाट केली तर कशी दिसतील, कुठे कापायचं, कुठे घडी, कुठे गोंद, ते आधी ती कॉम्प्युटरवर आखते. घरचा जुना कॉम्प्युटर तिच्या कामाला खोकत होता. म्हणून खटपट्याने आठ महिने एकेक वस्तू जमवली. दिवस मोजून मोजून, जिथे स्वस्त मिळेल तिथून.

आता तिच्या ऑफिसने सांगितलंय, कुठूनही काम कर. कुठूनही, हा शब्द मी तिच्या तोंडून फोनवर ऐकला. पलीकडे तिची मोठी बहीण होती, ती दुसऱ्या शहरात असते. सून म्हणाली, "लॅपटॉपच घेऊन टाकते गं. उचलला की निघाले." मग बराच वेळ नुसतं हं हं. मग म्हणाली, "नाही, त्यांना सांगितलं नाहीये अजून."

त्यांना म्हणजे मला.

मी फार शिकले नाही, पण एवढं गणित मला येतं. लॅपटॉप पिशवीत जातो. ते काचेचं धूड हलवायला दोन माणसं लागतात. धूड जिथे, तिथे ती. ती राहिली तर घरात दुसरं कुणीतरी दिवा लावणारं राहील. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिला म्हटलं, "लॅपटॉप कशाला? त्याने सगळं आणून ठेवलंय. बोर्ड तेवढा आणू. बोर्ड मी घेते."

ती कधीच लगेच उत्तर देत नाही, आधी मनात घडी घालते.

"बरं," ती म्हणाली. "त्याचे पार्ट्स चालले तर हेच जोडून घेऊ. नाही चालले, तर मी लॅपटॉप घेईन. मग त्यावर बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतेय."

"आई."

"नाही बोलणार."

मंगळवारी दुपारी आम्ही बोर्डवाल्याकडे गेलो. मी लॉन्ड्रीला कुलूप लावलं, दारावर चिठ्ठी लावली. खोकी सुनेने एका मोठ्या पिशवीत घेतली होती, कॅबिनेट टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवं, आणि मी त्याच्याशेजारी, काच फुटू नये म्हणून त्यावर हात ठेवून.

दुकान अरुंद. दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी, मधे काउंटर, त्यावर निळी रबरी चटई. बोर्डवाला पन्नाशीचा, हळू बोलणारा. त्याच्या मनगटाला पट्टा, पट्ट्याला वायर, वायर टेबलाला.

"बांधून कुणी ठेवलंय तुम्हाला?" मी विचारलं.

"अंगातली वीज पार्ट्सना लागू नये म्हणून, आजी."

"आजी कुणाची? माझ्या घरात नातवंड नाही."

"काकू," तो म्हणाला. माणूस शहाणा होता.

त्याने खटपट्याला ओळखलं. म्हणजे सुनेने पिशवीतली खोकी काढली आणि त्यातलं एक त्याच्याच दुकानाचं होतं, त्यावरून. "लिफ्टवाले," तो म्हणाला. "दर शनिवारी यायचे. दोन बोर्ड काढायला लावायचे, समोरासमोर ठेवायचे, अर्धा तास बघायचे आणि परत ठेवा म्हणायचे. मी विचारलं एकदा, लग्न ठरवताय का बोर्ड घेताय? बऱ्याच दिवसांत आले नाहीत."

मी सांगितलं.

त्याने मनगटाचा पट्टा काढला, परत लावला. "असं," म्हणाला. मग शिडीवर चढून तेच दोन बोर्ड काढले. कुठे आहेत ते त्याला शोधावं लागलं नाही.

एक मोठा, ताटाएवढा. एक लहान, बशीएवढा. दोन्ही काळे, दोन्हींवर चौकोनी सॉकेट, तिथे प्रोसेसर बसतो. सगळ्या वस्तू याच्यातच खोचायच्या, तारा याच्यातच यायच्या, म्हणून त्याला मदर म्हणतात, असं त्याने सांगितलं. मी म्हटलं, सगळे खोचून घेतात आणि ही बोलत नाही, असली आई मला तरी माहीत नाही. सून हसली नाही, पण तिच्या नाकातून थोडी हवा आली.

"खरं तर लोक बोर्ड आधी ठरवतात," बोर्डवाला म्हणाला. "यांनी उलटं केलं. बाकीचं जमवलं, बोर्ड शेवटी."

"बटणं आधी आणि कापड नंतर," सून म्हणाली.

"स्वस्तात मिळालं तेव्हा घेतलं त्याने," मी म्हटलं. "घाई केली नाही. चूक कुठे आहे त्यात?"

कुणी चूक म्हटलं नव्हतं.

"फरक एवढाच," बोर्डवाला पुढे म्हणाला. "मोठ्यात पुढे भर घालता येते. रॅम वाढवा, कार्ड लावा. लहानात जेवढं आहे तेवढंच, पण लहान पेटीत बसतो, मशीन हातात उचलून नेता येतं. लिफ्टवाल्यांचं शेवटपर्यंत ठरलं नाही."

"कॅबिनेट मोठं घेतलंय," मी म्हटलं. "म्हणजे मोठाच घेणार होता."

"मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्डही बसतो, काकू. उलटं होत नाही."

मला तो माणूस तेव्हा आवडला नाही.

"मोठाच," मी म्हटलं. "द्या बांधून."

"आधी प्रोसेसर दाखवा. प्रोसेसर बघितल्याशिवाय मी बोर्ड देत नाही. नंतर सगळे परत येतात आणि बोर्डालाच नावं ठेवतात."

सुनेने डबी दिली. त्याने उघडली, चौकोन दोन बोटांनी कडेला धरून उचलला, दिव्याखाली पालथा केला. मग काउंटरवरचं भिंग ओढून घेतलं आणि त्यातून एकेक ओळ बघितली.

"या कोपऱ्यातल्या सुया वाकल्यात. तीन ओळी. सगळ्या एकाच दिशेला, भांग पाडल्यासारख्या." त्याने भिंग आमच्याकडे वळवलं. "पडला असता तर अशा वाकल्या नसत्या. कुणीतरी काहीतरी फिरवलंय."

सुनेने वाकून बघितलं. मीही बघितलं. भिंगात त्या सुया दाभणाएवढ्या दिसत होत्या. बाकीचं रान सरळ, आणि कोपऱ्यात वारा गेल्यासारखं आडवं.

"त्यानेच केलं असणार," सून म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "कुठलीही वस्तू आली की आधी काढून बघायची. हाताला धीर म्हणून नव्हता."

ते खरंच होतं. त्याच्या हाताला धीर नव्हता. इस्त्री, घड्याळ, मिक्सर, माझ्या दुकानाचं वाफेचं मशीन, सगळं त्याने उघडलेलं. गप्प राहिले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तो येऊन सांगणार नव्हता.

पण तीस वर्षांत माझ्या दुकानात एखादं कापड जळलं, तर ते गिऱ्हाइकाने आधीच जळकं आणलं होतं असं मी कधी म्हटलं नाही.

"मी केलं," मी म्हटलं. "कॉलरच्या ब्रशने."

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"धूळ होती," मी म्हटलं.

"ब्रशने?" बोर्डवाला म्हणाला.

"नायलॉनचा आहे. रेशमाला चालतो."

सुनेने भिंग थोडं सरळ केलं, जे आधीच सरळ होतं. मी वाट बघत होते की मला काहीतरी वाटेल. लाज, नाहीतर राग. गेल्या आठवड्यात गरम इस्त्रीची कड बोटाला लागली, कातडं पांढरं पडलं, ते मी डोळ्यांनी बघितलं तेव्हा कळलं. तसंच झालं. मला दिसत होतं की काहीतरी भाजतंय.

"आता?" सुनेने विचारलं.

बोर्डवाल्याने चौकोन डबीत ठेवला. "सुया सरळ करता येतात. पण एक जरी तुटली तर संपलं. आणि गिऱ्हाइकाच्या खराब पार्टला मी हात लावत नाही. माझ्या हातात तुटला तर तो माझ्यामुळे तुटला असं होतं. नवीन जातीचा बोर्ड घ्या, त्यात सुया बोर्डालाच असतात. पण मग प्रोसेसर नवा, रॅमही नवी."

"म्हणजे त्याचं काय राहिलं?" मी विचारलं.

"डिस्क. पॉवर सप्लाय. कॅबिनेट."

मी सुनेकडे बघितलं नाही. आमचं ठरलं होतं. पार्ट्स चालले नाहीत तर लॅपटॉप, आणि बोलायचं नाही. मी बोलले नाही. हाताने कॅबिनेटच्या काचेवर टॅक्सीत पडलेले बोटांचे ठसे पुसत होते, तेही थांबवलं.

सुनेने पर्स उघडली. ती खोक्यांचे नमुने पुठ्ठ्यातून हाताने कापते, त्यामुळे तिच्याकडे कायम पातळ ब्लेड असतं, इतर बायकांकडे कंगवा असतो तसं.

"हे चालेल?" तिने बोर्डवाल्याला विचारलं.

त्याने ब्लेडची धार बघितली. "चालेल. ओळीच्या मधून सरकवायचं, थोडं थोडं. एका दमात सरळ करायचं नाही. पण मी सांगितलं असं म्हणायचं नाही."

"तुम्ही काही सांगितलं नाही. आई, धरा."

"मी?"

"कडेने धरा. ब्रशसारखं नको."

मी धरलं. दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी, कोपर काउंटरवर टेकवून. तिने डोकं भिंगाखाली घातलं. तिचे केस माझ्या मनगटाला लागत होते. चार महिन्यांत आम्ही दोघी एवढ्या जवळ आलो नव्हतो. एका स्वयंपाकघरात असायचो, पण एक आत आली की दुसरीला बाहेर काहीतरी काम निघायचं.

"हलू नका."

"हलत नाहीये मी. श्वास घेतेय."

"तो हळू घ्या."

पहिली ओळ उभी राहायला पंधरा मिनिटं लागली. बोर्डवाला आमच्याकडे पाठ करून उगाच खोकी लावत होता. दुसऱ्या ओळीत एक सुई फारच आडवी होती. ब्लेड तिच्याखाली गेलं आणि थांबलं.

"ताई बोलावतेय," ती भिंगातूनच म्हणाली.

"माहितीये."

"कसं?"

"आपल्या भिंती पातळ आहेत."

तिने सुई केसभर उचलली. थांबली. परत केसभर.

"तिथे खोली आहे रिकामी. काम इथलंच करीन. मी कायमचं म्हणत नाहीये."

"मग काय म्हणतेयस?"

"त्या जिन्याने मला रोज चढवत नाही, आई. चार महिने रोज चढतेय. दुसऱ्या मजल्यावर डोळे मिटून चढते. परवा पडता पडता राहिले."

मी डोळे मिटत नाही. मी ती पायरी दर शनिवारी धुते. हे तिला सांगितलं नाही. मी म्हटलं, "डोळे मिटून जिना चढू नये."

"हो."

"कठड्याला धरावं."

"हो, आई."

सुई उभी राहिली. तुटली नाही. तिसरी ओळ सोपी होती. शेवटी तिने ब्लेड चटईवर ठेवलं आणि बोटं उघडमिट केली. माझी बोटं मला सोडवेनात. बोर्डवाल्याने येऊन माझ्या हातातून चौकोन काढून घेतला, सावकाश, झोपलेल्या पोराच्या मुठीतून खेळणं काढावं तसा.

त्याने तो आपल्या दुकानातल्या जुन्या बोर्डावर नेला. "जोर लावायचा नसतो," तो म्हणाला. "सगळ्या सरळ असतील तर आपोआप खाली जातो." त्याने चौकोन सॉकेटवर ठेवला आणि हात काढला. तो वरच राहिला. त्याने बोटाने किंचित हलवला. मग तो खाली बसला. रॅम खोचली, तारा लावल्या, कडेच्या टीव्हीसारख्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली.

"चालतोय," बोर्डवाला म्हणाला. त्यालाच जास्त आनंद झाला होता. "एवढ्या सुया हाताने सरळ केलेल्या मी पहिल्यांदा बघतोय. मग काय, मोठाच ना?"

सून माझ्याकडे बघत होती. "तुम्ही घेताय, तुम्ही सांगा," ती म्हणाली. "पार्ट्स चालले. ठरल्याप्रमाणे मशीन होईल. मोठा म्हणालात तर मोठा. मी काही बोलणार नाही."

आणि ती बोलली नसती. ती शब्दाची पक्की आहे, मीच निवडून आणलेली. मोठा म्हटलं असतं तर ते धूड घरी गेलं असतं, त्याच्या टेबलावर बसलं असतं, आणि ती त्याच्यासमोर. ती रोज डोळे मिटून जिना चढली असती आणि मी दार उघडलं असतं.

आमच्या दुकानात मागे एक दांडी आहे, न नेलेल्या कपड्यांची. कुणी टाकून गेलं आणि परत आलं नाही. मी ते फेकत नाही. प्लॅस्टिक घालून ठेवते. पण कुणी अंगात न घालताही ते पिवळे पडतात, घडीवर विरतात. दोन वर्षांनी काढावं तर हातात येतं ते धुतलेलं, इस्त्री केलेलं, आणि कुणाच्याही कामाचं नसलेलं.

"लहान द्या," मी म्हटलं.

बोर्डवाल्याने सुनेकडे बघितलं. सून माझ्याकडेच बघत होती.

"मला काय बघताय? ऐकू येत नाही का? लहान. आणि त्याला पेटीही लहान लागेल ना. वर मूठ असलेली आहे का काही?"

"आहे," तो म्हणाला. "हे कॅबिनेट मी ठेवून घेतो बदल्यात. काच छान चकचकीत आहे."

"असणारच," मी म्हटलं.

जोडायला तासभर लागला. आम्ही दोन स्टुलांवर बसलो. सुनेने एकदा माझ्या हाताकडे बघितलं, भाजलेल्या बोटाकडे, आणि विचारलं, "हे कधी झालं?" मी म्हटलं, झालं कधीतरी. ती समोरच्या औषधाच्या दुकानातून मलम घेऊन आली आणि नळी माझ्या मांडीवर ठेवली. लावून दिलं नाही. मी सांगितलंही नाही. नंतर मीच उघडून लावलं, ती बोर्डवाल्याचा स्क्रू-ड्रायव्हर बघत असताना.

मशीन झालं तेव्हा ते पावाच्या मोठ्या डब्याएवढं होतं. राखाडी रंगाचं, वर मूठ. बोर्डवाल्याने चालू करून दाखवलं, बंद केलं, तारा गुंडाळून रबर लावलं. खटपट्याला ते आवडलं असतं की नाही, मला कळत नाही. त्याने लगेच उघडलं असतं.

"उचलून बघ," मी सुनेला म्हटलं.

तिने मुठीला धरून उचललं. काउंटरपासून दारापर्यंत गेली आणि परत आली. दुकान अरुंद होतं, खोकी वाचवत चालावं लागलं.

"जड आहे?"

"थोडं."

"गाडीत मांडीवर घेऊन बसता येईल?"

तिने हात बदलला. परत दारापर्यंत गेली. तिथून पाठमोरीच म्हणाली, "येईल."

"मग कधी निघतेस?"

"महिनाअखेरीला जाईन म्हणते."

"बरं," मी म्हटलं. हे बरं तोंडातून बाहेर पडताना मला ऐकू आलं. आधीचं एकही आलं नव्हतं.

बोर्डवाला पावती लिहीत होता. वॉरंटी कुणाच्या नावावर टाकू, त्याने विचारलं. मी सुनेचं नाव सांगितलं, आणि पत्त्याची जागा कोरी ठेवा म्हटलं, तिकडचा पत्ता ती नंतर भरेल.